हातभर झिरा

ता. १८ मार्च १९८६, मंगळवार

काल पोचले. अंग अजून एस.टी.तच हलतंय. सावदा, नशिराबाद, जळगाव, मग धुळं, धुळ्याहून शिरपूरची गाडी. सोनगीरला चाक बसलं, तिथं किल्ल्याकडे बघत शेंगदाणे खाल्ले. शिरपूरच्या पुढे जीपगाडी, तीत बारा माणसं आणि एक बोकड. बोकड माझ्याच पायावर. पण पोरगी बघितली आणि सगळं विसरले. सुनूची मुलगी, माझी पणती. चार महिन्यांची. नाव काहीतरी मोठं ठेवलंय, मी छकुली म्हणते. माझं बोट धरलं ते सोडेना.

सुनू म्हणजे माझ्या वसंताची थोरली. सातपुड्याच्या पायथ्याशी या पाड्यावर शाळेत बाई आहे. बाळंतपणाची रजा संपली, नवरा धुळ्याला नोकरीत, रविवारी येतो. मग पोरीकडे कोण बघणार. मी म्हटलं मी आहे ना. वसंता म्हणाला, "आई, तठी ना लाइट ना नळ, जमेल का तुला?" म्हटलं माझं अर्धं आयुष्य बिनालाइटचंच गेलं.

वही सुनूनं दिली. शाळेची हजेरीची, निम्मी कोरी. "आजी, तू दिवसभर बोलतेस, मी शाळेत, ऐकायला कोणी नाही, तर लिही." मी चौथीत होते तेव्हा लग्न झालं, परीक्षा राहिली. जोडाक्षरं चुकली तर चुकली.

२१ मार्च, शुक्रवार

आज माझी फजिती. छकुलीची दुपटी-लंगोट धुतले, चांगले तीन पाण्यातून काढले, उरलेलं अंगणात सडा म्हणून फेकलं. समोरच्या बायका बघत उभ्या. मग एक म्हातारी आली, माझ्याच वयाची असेल, हातात वाळलेल्या भोपळ्याची वाटी. म्हणाली, "केळीवाली, चाल मना संगे." केळीवाली कारण मी येताना केळी आणली होती, पोरांना वाटली, तेव्हापासून पाडाभर हेच नाव.

हिचं नाव रुमलीबाई. आपसात हे लोक त्यांची पावरी बोली बोलतात, माझ्याशी अहिराणी. तिनं नाल्यात नेलं. नाला म्हणजे नुसती वाळू आणि गोटे. मधे एक खड्डा, हातभर खोल, जांभळाच्या फांद्यांनी झाकलेला. खाली वीतभर पाणी, काचेसारखं. यालाच झिरा म्हणतात. सगळ्या पाड्याचं पाणी एवढंच. वाटीनं काढायचं, घागर अर्धी झाली की थांबायचं, चहूबाजूंनी पुन्हा झिरपून येतं. तोवर बसायचं, बोलायचं. चपला लांब काढायच्या. धुणं लांब. आणि दिवस मावळताना शेवटचं थोडं पाणी दगडाच्या कुंडीत ओतून ठेवायचं. म्हटलं हे कोणासाठी? "रानलेबी तहान लागस."

मी सकाळी अडीच घागरी उधळल्या. ती मला काही बोलली नाही, फक्त दाखवलं. मला बोललेलं चाललं असतं.

आमच्याकडे मोटर सुरू केली की केळीच्या ओळीत गुडघाभर पाणी. हौदात म्हशी डुंबतात. मी नवी नवरी होते तेव्हा पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसायची, सासू ओरडायची. पाणी मोजायचं असतं हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

२३ मार्च, रविवार

छकुली आज पालथी पडली. माझ्यासमोर. सुनू नाल्यावर, जावई आंघोळीला, म्हणजे पहिल्यांदा बघणारी मी. कोणाला सांगू असं झालं. समोरच्या शेळीला सांगितलं.

जावई (सुनूचा नवरा, गरीब माणूस, चष्मा) म्हणतात इथले लोक जंगलाला देव मानतात. मग दुपारी मी रुमलीबाईबरोबर मोहाची फुलं वेचायला गेले तर तिनं झाडाखालचा पाला पेटवून दिला. फुलं दिसावीत म्हणून. धूर, ठिणग्या, बारकी रोपं जळाली. मी म्हटलं, "हे काय व माय, रान पेटेल ना." ती म्हणाली, "तुमी केळीसाठे बठ्ठा झाडं काप्यात, मी पाला जाळा तं राग उना का?"

हसायलाच आलं. खरं आहे. आमच्या बांधावर चिंच होती, दोन निंब, बाभळी. सावली पडली की केळ खुजी राहते, म्हणून एकेक करून सगळी गेली. चिंच तोडली तेव्हा मी जेवले नव्हते, पण अडवलंही नव्हतं.

मग तिनं केळीबद्दल विचारलं. घड एकदाच येतो, मग झाड कापतात, बाजूचं पिल्लू ठेवतात, असं सांगितलं. ती म्हणाली, "मायले कापतस आन् पोरले ठेवतस." मी म्हटलं अगं तशी रीत आहे केळीची. पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

५ एप्रिल, शनिवार

बरेच दिवस लिहिलं नाही. होळी झाली. छकुलीला सर्दी झाली, गेली. ऊन म्हणजे तव्यावर बसल्यासारखं.

झिरा मंद झाला. एक घागर भरायला पाऊण तास. बायका फुलं वेचायला जातात, म्हणून पोरींना पहाटेपासून झिऱ्यावर बसवतात, नंबर लावून. शाळा सकाळची. सुनूच्या तिसरी-चौथीच्या पाच पोरी रोज गैरहजर. त्यात सायजा, रुमलीबाईची नात. सुनू म्हणते सगळ्यांत हुशार तीच, पाढे गाणं म्हटल्यासारखे म्हणते. चोवीस तारखेपासून परीक्षा. या पोरी बसल्या नाहीत तर पुढच्या वर्षी घरचे पाठवणारच नाहीत. सुनूनं दारोदार फिरून एकेकीला शाळेत आणलेलं. काल रात्री तिची भाकरी तशीच ताटात.

मी रुमलीबाईला विचारलं, झिरा अजून खोल का नाही करत? हात-दोन हात खाली गेलं की पाणी दुप्पट. तिनं हात कोपरापासून दाखवला. एवढाच. "खाल पहार लावानी नई."

का?

"नई म्हंजे नई."

आता याला काय म्हणावं. आमची विहीर माझ्या सासऱ्यांनी खणली, आटली की खोल केली, पुन्हा आटली, पुन्हा खोल. देव कधी रागावला नाही. सुनूला म्हटलं, यांच्या समजुती आहेत झालं. ती म्हणाली, "असतील. पण त्यांना विचारल्याशिवाय काही करू नकोस, आजी." मी कशाला काय करू.

१० एप्रिल, गुरुवार

आज किसन आला. किसन आमचा सालदार, वसंतानं त्याच्या हाती गहू, तूप आणि दोन घड पाठवले. बावीस वर्षं आमच्याकडे आहे, विहिरीच्या कामात त्याच्यासारखा हात नाही.

सुनू शिरपूरला, दोन दिवसांचं शिबिर आहे शिक्षकांचं. छकुली वरच्या दुधावर, माझ्याजवळ. बायका मोहाला गेलेल्या.

आता लिहूनच टाकते. मी किसनला झिरा दाखवला. तो म्हणाला, "आई, एवढासा खड्डा? दोन घंट्याचं काम." म्हटलं कर. पोरी बसल्या होत्या, त्यांना म्हटलं पळा शाळेच्या ओट्यावर, अभ्यास करा. सायजा जाईना. "आजी, मनी आजी रागे भरी." म्हटलं भरू दे, मी बघते तिच्याकडे.

वाळू काढली, मग पिवळी माती लागली, लोण्यासारखी घट्ट. किसननं पहार घातली. हात दीड हात गेला. आणि पाणी आलं. खरंच आलं, खड्डा कमरेएवढ्या पाण्यानं भरला. पोरींनी सगळ्या घागरी भरल्या, घरातली पातेलीसुद्धा. मी एवढी खूश की किसनला शिरा करून घातला. मनात आलं, पाडा आयुष्यभर नाव काढेल.

संध्याकाळी रुमलीबाई आली. काठावर उभी राहिली. पाण्याकडे बघितलं, पिवळ्या मातीच्या ढिगाकडे बघितलं. काहीच न बोलता गेली. मला वाटलं हरली म्हणून गप्प.

११ एप्रिल, शुक्र.

पाणी नाही.

खड्डा कोरडा. तळाला ओल पण नाही, नुसती रेव. किसन म्हणतो असं आमच्याकडे कधी

१२ एप्रिल, शनि.

सुनू आली. तिला वाटेतच कळलं. छकुलीला घेतलं, पाजलं, मग म्हणाली, "आजी, तुला मी सांगितलं होतं." एवढंच. आवाज न चढवता. नंतर म्हणाली, "तू सोमवारी किसनबरोबर घरी जा."

बायका आता खालच्या पाड्याच्या झिऱ्यावर जातात. जाऊन येऊन दीड तास, येताना चढ. त्यांचा झिरा पण हातभरच, पण त्यांनी नाही म्हटलं नाही. पोरी आयांबरोबर जातात. शाळेत पाच नाही, नऊ पोरी नाहीत.

कोणी मला शिवी दिली नाही. रुमलीबाईच्या सुनेनं, गुलाबच्या बायकोनं, तिच्या आणलेल्या पाण्यातून एक कळशी आमच्या दारात ठेवली. पोटुशी आहे ती, सातवा की आठवा. मी म्हटलं नको. "बाळले लागी ना," म्हणाली. बाळाला लागेल ना.

१४ एप्रिल, सोमवार

गेले नाही. किसनला एकट्याला पाठवलं, वसंताला चिठ्ठी दिली. काय झालं ते सगळं लिहिलं, लपवलं नाही. सुनूला म्हटलं, मी बिघडवलं तर मी इथून उठणार नाही. ती म्हणाली राहून काय करणार तू? मला माहीत नव्हतं. अजून नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

आज रुमलीबाई आपणहून आली. म्हणाली चाल. खड्ड्यात उतरवलं मला, हात धरून, दोन म्हाताऱ्या एका खड्ड्यात. तिनं भिंतीला पिवळ्या मातीचा पट्टा दाखवला, बोटानं इकडून तिकडे. "हाई थाळी शे. बठ्ठं पानी हाई थाळीमा बसस. तू थाळीले भोक पाडं व."

म्हणजे वरची वाळू पाणी धरते, खाली ही मातीची थाळी ते अडवते. थाळीखाली रेव, फुटका दगड, तिथं गेलेलं पाणी कोणाच्या हाती लागत नाही. आम्ही थाळीच फोडली. पहिल्या दिवशी उसळलं ते सगळं साठलेलं पाणी, आणि मग गेलं.

मी म्हटलं, हे तू आधी का नाही सांगितलंस? नुसतं नई नई करत बसलीस.

"खाल काय शे ते तू इचारं का? तू इचारं, खोल का नई करतस." आणि मग हसली. दात चारच आहेत. म्हणाली तिची आजी पण तिला नुसतं नई म्हणायची, थाळीचं तिला लग्न झाल्यावर कळलं.

आमच्याकडे खाली कितीही जा, गाळच गाळ, जितकं खोल तितकं पाणी. किसनचं काय चुकलं, त्याला तेवढंच माहीत. मला तरी काय माहीत होतं. एका दिवसाच्या वाटेवर जमीनच दुसरी असते. मला वाटलं होतं माणसं तेवढी वेगळी.

विचारलं, थाळी सांधता येते का? तिनं कधी कोणी सांधलेली बघितली नाही. वरच्या अंगाला असाच एक खड्डा आहे म्हणे, तिच्या आजीच्या वेळचा, मेलेला.

पण माती मला कळते. माझ्या सासरचं घर मातीचं होतं, भिंतीची माती मीच तुडवायची, पोटुशी असतानाही तिसऱ्या महिन्यापर्यंत. पाटाचं पाणी फुटलं की चिकण माती तुडवून बांध घालायचे, थेंब गळत नसे. रुमलीबाईला म्हटलं, करून बघू. ती म्हणाली, बठ्ठा बायास्ले इचारू. विचारू म्हणाली. मला ते लागलं आणि बरंही वाटलं.

२१ एप्रिल, सोमवार

दोन दिवस माती. पाय भरून आलेत, पण लिहिते.

बायका ज्या दरडीतून भिंती सारवायला माती आणतात, तिथली पिवळी. खडे वेचले, कुटली. तुडवायला पाणी हवं, आणि पाणीच नाही. मग प्रत्येकीनं खालच्या पाड्याहून आणलेल्या घागरीतला एक-एक तांब्या ओतला. कोणी सांगितलं नाही. मी बघितलं आणि तोंड दुसरीकडे केलं.

मग तुडवणं. सहा जणी, मी धरून सात. मोहाच्या झाडाला झोळी बांधली, छकुली तिच्यात, एक पोरगी झोका द्यायला. मी आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी म्हटली, त्यांना आमची गाणी येत नाहीत, मला त्यांची नाही, तरी ताल जमला. रुमलीबाई म्हणे, "केळीवालीना पाय चांगला चालस, जीभ थांबी तं जरासं भलं व्हई." सगळ्या हसल्या. दहा दिवसांनी हसल्या माझ्यासमोर.

रेव काढली, माती चार थरांत घातली, प्रत्येक थर मुसळानं ठोकला, वर वाळू. हातभर खोल ठेवला. मोजायला रुमलीबाईनं स्वतःचा हात घातला.

त्यानंतर तिनं एक सांगितलं, ते मला माहीत नव्हतं. या पाड्याची रीत अशी, की ज्याच्या हातानं पाणी मोडलं त्यानंच रोज सकाळी तिथं हात घालून बघायचं. जिवंत आहे की गेलं, हे त्यानंच सांगायचं. तो सांगेपर्यंत त्या जागेचं दुसरं काही ठरवायचं नाही. म्हटलं मी तर बाहेरची. म्हणाली, पहार किसनची, सांगणं तुझं, म्हणजे हात तुझाच ना.

२४ एप्रिल, गुरुवार

परीक्षा सुरू. सुनूनं सात वाजताची वेळ साडेआठ केली, वरच्यांना न विचारता. पोरी घागरी टाकून धावत आल्या, केस ओले घामानं. नऊपैकी सात बसल्या. सायजा बसली. सुनूनं चहात माझ्यासाठी जास्त साखर घातली.

सकाळी हात घातला. वाळू गार. ओली नाही.

२६ एप्रिल, शनिवार

वसंता आला. जीप घेऊन, आंब्याची पेटी घेऊन. छकुलीला बघून रडला, कोणी बघत नाही असं समजून. मग खड्डा बघितला. "आई, काय करी ठेवलं तू हे?"

पण तो नुसता बोलायला आलेला नाही. शिरपूरला त्याच्या मित्राची बोरची गाडी आहे. सगळं ठरवून आला. नाल्याच्या काठावर बोर मारायचं, हातपंप बसवायचा, सगळं तो बघणार. "तू बिघडवलं, मी भरून देतो. आणि मग आखाजीला घरी चल, सगळ्या लेकी येणार आहेत, तुझ्याशिवाय झोका कोण बांधणार?"

माझा पोरगा वाईट नाही हे मी इथं लिहून ठेवते. त्याच्या मनात चांगलंच आहे. माझ्या मनातही चांगलंच होतं पहार देताना.

गुलाबला, रुमलीबाईच्या मुलाला, बोर हवं आहे. तो म्हणतो बायकोचे दिवस भरत आले, ती चढ चढते ते बघवत नाही. रुमलीबाई म्हणते, "बोर पानी वढी, मंग खालना पाडानं काय?" नाला एकच. त्यांनी आम्हाला पाणी दिलं, आम्ही त्यांचं ओढून घ्यायचं का. गुलाब म्हणतो कशावरून ओढेल. वसंता म्हणतो खोल जाईल, वरच्या झिऱ्याशी संबंधच नाही.

मला एकदम घरची विहीर आठवली. सासऱ्यांनी खणली तेव्हा चार पुरुष खोलीवर पाणी. आता विहिरीच्या पोटात बोर आहे आणि त्याचाही पाइप दरवर्षी वाढतो. आणि शेजारच्या धनाभाऊंची विहीर, तिच्यात आता पोरं केळीचा कचरा टाकतात. मी म्हटलं, "वसंता, धनाभाऊंची विहीर कशानं आटली रे?" तो म्हणाला, "तेचा इथं काय संबंध?" मग बराच वेळ आंब्याच्या पेटीची दोरी सोडत बसला.

आमच्याकडे पाणी ज्याच्या शेतात त्याचं. कोणी विचारत नाही. इथे मी विचारलं हे पाणी कोणाचं, तर हसले. म्हणाले बठ्ठास्नं. सगळ्यांचं. पण तेवढ्यानं घागर भरत नाही, हेही मी रोज बघते.

गाडी आज नाही येणार. गुलाब असो की वसंता, मी जिवंत-मेलं सांगेपर्यंत काही ठरायचं नाही. सगळे मला बघतात. आयुष्यात माझं कोणी एवढं ऐकलं नव्हतं, आणि आता ऐकू नये असं वाटतंय.

२९ एप्रिल, मंगळवार

ओल आली. हाताला वाळू चिकटली.

३० एप्रिल

चिकटली तेवढीच. निकाल लागला, सायजा वर्गात पहिली. बर्फी वाटली असती, इथे कुठली बर्फी, गूळ वाटला.

२ मे, शुक्रवार

वाटीभर पाणी. दिवसभराचं वाटीभर. रुमलीबाईनं चाटून बघितलं, मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून कळलं नाही, विचारलंही नाही.

गुलाबची बायको आज चढावर बसली. दोन घागरी ठेवून, पोट धरून. बायकांनी आणली तिला. काही नाही झालं, पाय सुजलेत. पण मी झिऱ्याजवळ उभी होते, हातात माझी ती वाटी, आणि तिनं माझ्याकडे बघितलं. ही माणसं काही म्हणत नाहीत हेच अवघड आहे.

मनात आलं आत्ता सांगून टाकावं, मेलं. बोर येईल, ही पोरगी घरी बसेल. मग मनात आलं, पाणी येत असताना मेलं म्हणायचं? आणि खालच्या पाड्यातल्या पोटुशीचं काय. तीही असेलच कोणी.

सुनूला विचारलं तू काय करशील. ती छकुलीला थोपटत म्हणाली, "मला नको विचारूस आजी, मला पाणी पण हवं आणि तू पण खोटं बोलू नयेस असं वाटतं."

४ मे, रविवार

वसंता पुन्हा आला, गाडी घेऊनच. रस्ता संपतो तिथं उभी केली, मोठी, पिवळी, पोरं चाकांना हात लावून बघत होती. म्हणाला, "मंगळवारी ही मध्य प्रदेशात जाते. मग पावसाआधी येईल का, सांगता येत नाही. आज सांग, आई."

सगळा पाडा नाल्यावर आला. बाया रिकाम्या घागरी घेऊन, पुरुष काठावर उकिडवे. गुलाबची बायकोपण, सावलीत. मी बाही वर करून बसले आणि हात घातला. गार. बोटं बुडाली. मनगट नाही. काढलं तर तांब्या भरला, वर थोडं. कालपेक्षा दुप्पट, आणि पाड्याला लागतं त्याच्या कितीतरी कमी.

गुलाब म्हणाला, "सांग, माय."

मी म्हटलं, जिवंत आहे. पण आजारी आहे.

कोणाला कळेना आता काय करायचं. जिवंत किंवा गेलं, दोनच उत्तरं असतात म्हणे, तिसरं कधी कोणी दिलं नव्हतं. आपसात पावरीत भांडणं झाली, मला एक शब्द कळला नाही. वसंता मला म्हणाला, "आई, एक काहीतरी सांग ना." मी म्हटलं, बाबा, एकच असतं तर सांगितलं असतं. रुमलीबाई तेवढी हसत होती.

मग गुलाब उठला. माझ्यासमोर येऊन म्हणाला, ठीक शे. आजारी माणसाला आठ दिवस देतात, आखाजीपर्यंत देऊ. तोवर गाडी नको. पण माझ्या बायकोच्या घागरी तू आणशील.

वसंता चिडला. "ती अडुसष्टची आहे रे, कळतं का तुला?" गुलाब म्हणाला, "मनी मायबी तेवढीच शे, ती रोज जास." मी म्हटलं आणीन.

वसंता दुपारी निघाला. पाया पडला. गाडी धूळ उडवत शिरपूरकडे गेली. आखाजीला घरी माझ्याविना झोका बांधतील, कोणीतरी बांधेलच. आठ दिवसांनी मनगट बुडेल की नाही, कोणाला माहीत. बुडालं नाही तर गाडी पण नाही आणि पाणी पण नाही, आणि तेव्हा माझ्याकडे बघायला सगळे असतीलच.

सुनूनं मोठी घागर लपवली, लहान कळशी काढून दारात ठेवली. पहाटे पाचला निघायचं, सूर्य वर यायच्या आत चढ चढायचा. मघाशी गुलाबची बायको आली, वाट सांगायला. कुठे गोटे निसटतात, कुठे बसायला दगड आहे, सगळं नीट सांगितलं. जाताना म्हणाली, चढावर बोलायचं नाही, आजी, दम जातो.

चढ पाऊण तासाचा आहे. तेवढा वेळ मी गप्प कशी राहणार, झोपायच्या आधी त्याचाच विचार करते आहे.